विनोदी नटाच्या शोकसभेत बोलायचं असेल तर

पुण्यात एखादा विनोदी नट गेला की भरत नाट्य मंदिरात नाहीतर टिळक स्मारकमध्ये सभा होते. पहिला वक्ता म्हणतो, 'कधीही न भरून येणारी पोकळी निर्माण झाली.' दुसराही तेच म्हणतो. ज्याने जन्मभर लोकांना हसवलं, त्याच्या सभेत तासभर कुणी हसत नाही. मी अशा सभांचं निवेदन करते आणि मला हे फार लागतं.

तुमच्यावर बोलायची वेळ आली तर एकच प्रसंग निवडा आणि तो पूर्ण सांगा. पुरस्कारांची यादी पेपरात आलेली असते. अमेरिकेत रात्रीच्या टॉक शोचे सूत्रसंचालक हे उत्तम करतात. विनोदी नट रॉबिन विल्यम्स ११ ऑगस्ट २०१४ ला गेला. डेव्हिड लेटरमन त्याच्याबद्दल आठवड्याने बोलला, ते लॉस एंजेलिसच्या 'कॉमेडी स्टोअर' या विनोदी क्लबमधल्या उमेदवारीच्या दिवसांबद्दल. हा पोरगा स्टेजवर आला आणि बाकीच्या होतकरूंना वाटलं, आता आपलं काही खरं नाही. पुढे त्याच विल्यम्सने आपल्या मालिकेत लेटरमनला काम दिलं, हेही त्याने सांगितलं. कोनन ओब्रायनने सायकलची गोष्ट सांगितली. २०१० मध्ये त्याचा मोठा कार्यक्रम हातातून गेला, तेव्हा विल्यम्सने त्याला भडक रंगांची सायकल घेऊन दिली होती, चालव, बरं वाटेल म्हणून. त्या सायकलीत अख्खा माणूस दिसतो.

असे प्रसंग घरच्यांपेक्षा बॅकस्टेजवाल्यांकडे जास्त सापडतात. रंगभूषाकार, कपडेपटवाले, नाटकाच्या बसचा ड्रायव्हर, सगळ्यांना फोन करा. एका ज्येष्ठ नटाच्या सभेआधी मी त्यांच्या नेपथ्यवाल्या काकांशी बोलले. ते म्हणाले, "ताई, त्यांचा सगळा हशा कडीत होता." एक्झिटला ते कडीवर हात ठेवून थांबायचे. काहीतरी बोलायचं राहिलंय अशा चेहऱ्याने मागे बघायचे, बोलायचे मात्र काहीच नाहीत, आणि खट्कन कडी काढायचे. कडी अडकली तर लाफ्टर गेलाच. म्हणून काका दर प्रयोगाआधी तिला तेल घालायचे. सभेत मी हे काकांनाच सांगायला लावलं. भाषणाची सवय नाही म्हणून ते माईकपासून लांबच उभे राहिले, पण त्यांनी हवेत कडी धरली, मागे वळून पाहिलं आणि बाल्कनीपर्यंत हशा पिकला. नटाची मुलगीही हसली. सभा असते ती यासाठी.

प्रसंग घरी मोठ्याने म्हणून बघा. तीन-चार मिनिटं पुष्कळ झाली. शेवटचं वाक्य पाठ करा आणि हशा आला की थांबा, हशावर बोलू नका. नक्कल जमत असेल तरच करा, तीही एकाच लकबीची. जिमी फॅलनने विल्यम्सची नक्कल केली आणि मग त्याच्या 'डेड पोएट्स सोसायटी' सिनेमातल्या, शिक्षकासाठी बाकांवर उभ्या राहणाऱ्या विद्यार्थ्यांसारखा स्वतःच्या टेबलावर चढून उभा राहिला. इतकं उघड प्रेम करायला लाजू नका.

रडू येणारच. विनोदी नट बॉब सॅगेट गेला तेव्हा, जानेवारी २०२२ मध्ये, टॉक शोवाल्या जिमी किमेलने प्रेक्षकांशिवाय चित्रण केलं, कारण लोकांसमोर बोलणं निभेल याची त्याला खात्री नव्हती. आपल्याला ती सोय नाही. तेव्हा टिपणाची एक प्रत शेजारच्या खुर्चीवरच्या मित्राकडे द्या. कंठ दाटला तर तो पुढचं वाचेल. आजारपणाचे तपशील मात्र नकोतच, घरचे पहिल्या रांगेत बसलेले असतात.

संयोजकांशी क्रमाबद्दल आधी बोलून घ्या. दोन मिनिटं स्तब्धता सुरुवातीलाच पाळावी, शेवटी नाही. मान्यवर लगेच त्यानंतर, मग सहकलाकार आणि बॅकस्टेज. आभारही उरकून घ्यावेत आणि सर्वांत शेवटी त्याच्या प्रयोगातला एक अख्खा प्रवेश पडद्यावर दाखवावा, तुकडे जोडलेला नाही. त्याचा आवाज सभागृहाच्या स्पीकरवर दुपारीच ऐकून घ्या. जुन्या चित्रणात प्रेक्षकांचा हशा मोठा आणि संवाद बारीक असतो, तो साउंडवाल्याकडून वाढवून घ्यावा लागतो.