शाळांच्या कायद्यात आणि शहरी शिक्षण धोरणात काम करायचे असेल तर

बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा एलएलबी, मग बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाची सनद आणि अखिल भारतीय बार परीक्षा. इथवर सगळ्या वकिलांचे सारखेच. पुढे मात्र चार कायदे कलमांसकट पाठ हवेत: २००९ चा शिक्षण हक्क कायदा, खासगी शाळा कर्मचाऱ्यांचा १९७७ चा कायदा (सोबत १९८१ ची नियमावली), शुल्क नियमनाचा २०११ चा आणि स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा २०१२ चा. भाषणे पहिल्यावर होतात. नव्या वकिलाची चूल बहुधा दुसऱ्यावर पेटते.

नवशिक्याचे हमखास चुकते ते दाद कुठे मागायची यात. संस्थेने शिक्षकाला काढले किंवा पदावनत केले, तर १९७७ च्या कायद्याच्या कलम ९ खाली शाळा न्यायाधिकरणात अपील. मुदत आदेश मिळाल्यापासून ३० दिवस. शिक्षणाधिकाऱ्याने वैयक्तिक मान्यता (त्या शिक्षकाच्या नेमणुकीला शासनाची मंजुरी) नाकारली असेल तर भांडण शासनाशी. तिथे उच्च न्यायालयात रिट याचिका. म्हणून पक्षकाराला आधी विचारा: आदेश लेखी आहे का, सही कोणाची, हातात कधी पडला? ‘उद्यापासून येऊ नका’ असे तोंडीच सांगितले असेल, तर हजेरीपटाची प्रत आणि पगाराचे पासबुक लगेच जमवा, रुजू करून घ्या असे पत्र रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा. शाळेला अल्पसंख्याक दर्जा आहे का, हेही पहिल्याच भेटीत विचारावे.

शासन निर्णय (जीआर) वाचताना माथ्यावरची ‘वाचा’ ही आधीच्या संदर्भांची यादी सोडू नका. तिथले जुने निर्णय काढा, नंतर शुद्धिपत्रक निघाले का तेही बघा. जीआर कायद्याच्या वर नसतो, नियमसुद्धा नसतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असलेल्या खासगी शाळांना शिक्षण हक्क कायद्यातल्या वंचित व दुर्बल घटकांच्या २५ टक्के प्रवेशांतून सूट दिली. मूळ कायद्याच्या कलम १२ मध्ये अशी सूट नाही. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये ती दुरुस्ती रद्द केली.

धोरणाची बाजू शिकायला एक वॉर्ड निवडा आणि यू-डायसची (शाळांच्या माहितीची सरकारी नोंद) शाळानिहाय आकडेवारी घेऊन बसा. प्राथमिकला ३० मुलांमागे एक शिक्षक, उच्च प्राथमिकला ३५ मागे. शहराची सरासरी मांडून मोकळे होऊ नका. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २५ हे प्रमाण प्रत्येक शाळेत मागते. मुंबई महापालिकेच्या शाळा आठ माध्यमांच्या आहेत. एका माध्यमाचा पट घसरून संचमान्यतेत (पटावरून शाळेची मंजूर शिक्षकपदे ठरवण्यात) शिक्षक अतिरिक्त ठरला, तरी दुसऱ्या माध्यमाची रिकामी जागा त्याने भरत नाही. बेरजेत सगळे ठीक दिसते, वर्गात शिक्षक नसतो.

माहिती अधिकारात ‘शिक्षक का नाहीत?’ असे विचारले तर ‘का’ ही माहितीच नव्हे असे उत्तर येते. संचमान्यतेची प्रत, रिक्त पदांची माध्यमनिहाय यादी, समायोजनाचे (अतिरिक्त शिक्षकांना दुसऱ्या शाळेत सामावून घेण्याचे) आदेश असे कागद मागा आणि शैक्षणिक वर्ष लिहा.