खिडकीची मूठ बदलताना: आधी दोष शोधा, मग माप घ्या

खिडकीचं हँडल ढिलं झालं की नवं आणायचा विचार पहिला येतो. पण बऱ्याच वेळा मूळ दोष हँडलमध्ये नसतोच. झडप बिजागरीवर खाली बसलेली असते, लॉकची जीभ समोरच्या खाचेत नीट जात नाही, मग घरातलं कुणीतरी जोर लावतं आणि त्या जोरानं हँडल झिजतं. अशा खिडकीला कितीही भारी हँडल लावलं तरी त्याचीही तीच गत होते. म्हणून स्क्रूड्रायव्हर हातात घ्यायच्या आधी दोन मिनिटांची तपासणी करा.

झडप पूर्ण उघडी ठेवून हँडल फिरवून बघा. उघड्या झडपेतही ते जड जात असेल, तर आतला गिअर, म्हणजे हँडल फिरवल्यावर कडी सरकवणारी यंत्रणा, कोरडा पडलाय किंवा मोडलाय. उघडी असताना हलकं आणि बंद करताना जड, असं असेल तर झडप जागेवरून हललेली आहे. आधी बिजागरीचे स्क्रू आवळा. हँडल सगळीकडे फिरतं पण कडी बाहेर येत नाही, ही तिसरी तऱ्हा. यात दोष दोन ठिकाणी असू शकतो. हँडल काढून घ्या, गिअरच्या चौकोनी भोकात हँडलच्या दांडीएवढा चौकोनी तुकडा घाला आणि पकडीनं फिरवा. आतल्या पट्ट्या सरकल्या तर हँडल बाद, नाही सरकल्या तर गिअर बाद. हँडल नुसतं डुगडुगत असेल तर कदाचित दोन स्क्रू आवळण्यावरच काम भागेल. झाकणाखालचे स्क्रू दिसत नाहीत म्हणून अशी कितीतरी चांगली हँडलं भंगारात जातात.

कामाला बसण्याआधी

बाहेर उघडणाऱ्या झडपेचं हँडल काढलं की ती धरायला काही उरत नाही. वाऱ्याचा झोत आला तर झडप आपटून काच जाते. ग्रिल असेल तर झडप सुतळीनं ग्रिलला बांधा. ग्रिल नसेल आणि मजला वरचा असेल, तर स्क्रूड्रायव्हरलाही दोरी बांधून ती मनगटात अडकवा. खाली माणसं चालतात. स्लायडिंगची झडप ट्रॅकमधून उचलायची असेल तर दोघं लागतात, वरच्या मजल्यावर तर नक्कीच.

यूपीव्हीसी (कडक प्लास्टिक) आणि बिजागरीच्या अ‍ॅल्युमिनियम खिडक्या

मापाच्या चुका सगळ्यात जास्त इथे होतात. बाहेरून सगळी हँडलं सारखीच दिसतात, मागची बाजू मात्र वेगळी असते.

काहींच्या मागे चौकोनी दांडी असते. युरोपीय पद्धतीच्या हार्डवेअरमध्ये ती बहुधा ७ मिमी बाजूची असते आणि दोन स्क्रूंच्या मध्यांमधलं अंतर ४३ मिमी. काहींच्या मागे दांडीऐवजी दोन बोटांचा काटा असतो. तो अ‍ॅल्युमिनियमच्या खाचेतली पट्टी वर-खाली ढकलतो. एकाच्या जागी दुसरं चालत नाही. तिसरा प्रकार चोचीचा: हँडलला पुढे नाक असतं आणि ते चौकटीवरच्या ठोकळ्यात अडकतं. या हँडलमध्ये डावं-उजवं असतं. खिडकीच्या आतल्या बाजूला उभं राहून बिजागरी कुठल्या हाताला आहे ते बघा आणि दुकानात तसंच सांगा. नाकाची उंचीही मोजा, म्हणजे बुडाच्या सपाटीपासून नाकाच्या खालच्या कडेपर्यंतचं अंतर. त्यात दोन-तीन मिमीचा फरक पडला तरी नाक एकतर अडकतच नाही किंवा सैल राहतं आणि झडप वाऱ्यात खडखडते.

चौकोनी दांडीचं हँडल काढायची रीत अशी. मूठ उघड्या स्थितीत, म्हणजे सहसा आडवी करा. बुडाशी पातळ झाकण दिसेल. ते नखानं किंचित उचलून ९० अंशांत फिरवलं की वर-खाली दोन स्क्रू उघडे पडतात. काही हँडलांत झाकणाऐवजी प्लास्टिकची छोटी बुचं असतात, ती टोकदार वस्तूनं उचकटा. स्क्रूचं डोकं नीट बघा. अधिक चिन्हाच्या मधे बारीक तिरप्या रेषाही कोरलेल्या असतील तर तो पोझीचा स्क्रू. त्याला पीझेड-२ टोक लावा. साधं फिलिप्स टोक त्यात घसरतं आणि दोनदा घसरलं की स्क्रूचं डोकं गोल होऊन बसतं.

हँडल बाहेर आलं की दांडीची लांबी मोजा. बुड जिथे झडपेला टेकतं तिथून दांडीच्या टोकापर्यंत. हँडलच्या आत दडलेला भाग यात धरायचा नाही. जुन्याइतक्याच लांबीची दांडी मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर लांब घ्या आणि हॅकसॉनं कापा. कापल्यावर टोकाची धार कानशीनं मारा, नाहीतर दांडी गिअरमध्ये अडकून बसेल. आखूड दांडी मात्र घेऊ नका. ती गिअरच्या भोकात जेमतेम चार-पाच मिमी शिरते, सगळा जोर तेवढ्याच जागेवर येतो आणि भोकाचे कोपरे घासून गोल होतात. मग हँडलसोबत गिअरही बदलावा लागतो. उलट दांडी जास्त लांब राहिली तर बुड झडपेला टेकत नाही, आणि स्क्रू आवळून ते जबरदस्तीनं टेकवलं तर गिअर आतून दाबला जातो. हँडल जड झालं म्हणून लोक परत तेल सोडत बसतात.

स्क्रूच्या लांबीचंही तेच. हे स्क्रू साधारण एम-५ (५ मिमी व्यासाच्या) आट्यांचे असतात आणि लांबी प्रोफाइलच्या, म्हणजे झडपेच्या पोकळ पट्टीच्या, जाडीवर ठरते. नव्या पाकिटातले स्क्रू जुन्यांच्या शेजारी धरून बघा. पाच मिमी जास्त लांब स्क्रू आतल्या सरकत्या पट्टीवर टेकला की हँडल अर्ध्यात अडतं, आणि दोष गिअरचा वाटतो. पट्टी अडकली तर पहिला संशय स्क्रूवर घ्या.

बसवताना एकच गोष्ट विसरू नका: नवं हँडल पाकिटातून सहसा बंद स्थितीत बाहेर येतं, आणि तुमचा गिअर उघड्या स्थितीत असतो. मूठ आधी आडवी करा, मग दांडी घाला. तसं न करता लावलं तर हँडल उभं असताना खिडकी उघडी आणि आडवं असताना बंद, असा उलटा कारभार होतो. दोन्ही स्क्रू आळीपाळीनं, हातानंच आवळा. ड्रिल मशीननं आवळू नका. यूपीव्हीसीतले किंवा झिंकच्या गिअरमधले आटे एका झटक्यात जातात.

झाकण लावण्याआधी झडप उघडी ठेवूनच पाच-सात वेळा हँडल फिरवा. मग बंद करा. वर्तमानपत्राची पट्टी झडप आणि रबराच्या मधे ठेवून खिडकी बंद करा आणि पट्टी ओढा. ती थोडी अडायला हवी. सहज सुटली तर पावसाचं पाणी तिथूनच येणार. मग चौकटीवर कडी जिथे अडकते त्या पट्टीचे स्क्रू सैल करून ती मिमीभर आत सरकवा. काही खिडक्यांत कडीचा गोल खुंटाच अ‍ॅलन कीनं फिरवून दाब वाढवता येतो.

स्लायडिंग खिडकीचं लॉक

आपल्याकडच्या बहुतेक फ्लॅटांत दोन किंवा तीन ट्रॅकची अ‍ॅल्युमिनियम स्लायडिंग असते आणि तक्रारही ठरलेली: "लॉक लागत नाही." झडप दोन्ही हातांनी किंचित उचला आणि मग लॉक लावून बघा. लागलं, तर लॉक ठणठणीत आहे. खालची चाकं झिजून झडप खाली आलीय. झडपेच्या उभ्या पट्टीच्या तळाशी, कडेला, लहान भोक असेल तर त्यातला स्क्रू अर्धा-अर्धा फेरा फिरवून चाक वर-खाली करता येतं. भोक नसेल तर चाकं बदला. तेवढ्यात ट्रॅकमधली वाळू ब्रशनं काढा आणि पाणी जायची भोकंही मोकळी करा.

लॉकच गेलं असेल तर तीन मापं घ्या: लॉक बसतं त्या खाचेची लांबी, खाचेची रुंदी आणि स्क्रूंच्या मध्यांमधलं अंतर. आकडी वरच्या दिशेला वळते की खालच्या, तेही टिपून ठेवा. खाच लहान पडली तर कानशीनं वाढवता येते, मोठी पडली तर पट्टी लावून झाकावी लागते आणि ते कधीच छान दिसत नाही. अर्धचंद्राच्या लॉकमध्ये समोरचा कानही, म्हणजे लॉक ज्यात अडकतं तो तुकडा, सोबत बदला. जुन्या झिजलेल्या कानाला नवं लॉक लावलं की थोड्याच दिवसांत खडखड सुरू होते.

नवं भोक पाडायची वेळ आली तर ८ नंबरच्या सेल्फ-टॅपिंग स्क्रूसाठी सुमारे ३.२ मिमीचं बिट, ६ नंबरसाठी सुमारे २.८ मिमीचं. स्क्रू अर्ध्या इंचाहून लांब नको. उभ्या पट्टीच्या आत काचेची कड असते. टफन केलेल्या काचेच्या कडेला स्क्रूचं टोक लागलं तर अख्खी काच एका क्षणात चुरा होते.

कुठल्या धातूचं घ्यावं

समुद्रापासून दूर असाल तर पावडर कोट केलेलं अ‍ॅल्युमिनियम पुरेसं आहे. स्वस्त चमकदार हँडल बहुतेक झिंकच्या मिश्रधातूचं ओतीव असतं, दुकानात त्याला व्हाइट मेटल म्हणतात. त्यावरचं क्रोम एकदा टोचलं की आतून फोड येतात. मुंबईच्या समुद्राकडच्या इमारती, अलिबाग, रत्नागिरी, मालवण इथे तर ते घेऊच नका. स्टेनलेस घ्यायचं तर ३०४ ग्रेड हे किमान, आणि लाटांच्या तोंडावर घर असेल तर ३१६; त्यात मॉलिब्डेनम असतं आणि खाऱ्या हवेला ते जास्त पुरतं. दुकानदार लोहचुंबक लावून "बघा, चिकटत नाही, म्हणजे ३०४" असं दाखवतो. ती परीक्षा पुरेशी नाही. स्वस्तातलं २०२ही चुंबकाला जवळजवळ चिकटत नाही. मालावर कोरलेला ग्रेड आणि बिलावरची नोंद बघा.

किनाऱ्यावर आणखी एक भानगड होते. अ‍ॅल्युमिनियममध्ये स्टेनलेसचा स्क्रू आणि मधे खारं पाणी, असं त्रिकूट जमलं की अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. स्क्रूभोवती पांढरी पूड दिसते ती तीच. नायलॉनचा वॉशर घाला आणि आट्यांना थोडं ग्रीस लावून मग स्क्रू घाला.

हँडलमध्ये किंवा लॉकमध्ये खोबरेल तेल मात्र घालू नका. चांगल्या थंडीत ते गोठतं, एरवी धूळ धरून चिकट होतं. डब्ल्यूडी-४० अडकलेलं सोडवायला चांगलं, पण ते टिकत नाही. त्यानंतर सिलिकॉन स्प्रे किंवा पांढरं ग्रीस लावा.

जुना नमुना पिशवीत घालूनच बाजारात जा. मुंबईत नागदेवी स्ट्रीट, पुण्यात बोहरी आळी इथे लाकडी आणि स्लायडिंग खिडक्यांचं बहुतेक सामान मिळतं. यूपीव्हीसीचा गिअर मात्र सहसा खिडकी बनवणाऱ्या फॅब्रिकेटरकडेच सापडतो.

लाकडी खिडकी

इथे मूठ क्वचितच मोडते. झिजतं ते भोक. स्क्रू नुसता फिरतो, पकड घेत नाही. जाड स्क्रू ठोकणं हा उपाय नव्हे, त्यानं जुनं लाकूड चिरतं. भोकातला भुसा काढा, बांबूच्या काड्या पाण्यात टिकणारा फेविकॉल लावून गच्च भरा, २४ तास वाळू द्या, वरचं टोक छिनून सपाट करा आणि गिरमिटानं नवं बारीक भोक पाडा. ६ नंबरच्या स्क्रूला सागवानात सुमारे २.५ मिमी, देवदारासारख्या मऊ लाकडात २ मिमी. लाकूड कुजून भुसभुशीत झालं असेल तर काड्या धरणार नाहीत. तेवढा भाग कोरून सुताराकडून ठिगळ लावून घ्या.

पितळी स्क्रू मऊ असतो, सागवानात डोकं तुटून हातात येतं. आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू पूर्ण घालून काढा, मग पितळी स्क्रूला मेणबत्ती घासून तो घाला. जड झडपेला आरपार बोल्टची मूठ घ्या, मागून नट आणि रुंद वॉशर. नव्या मुठीची भोकं जुन्यांच्या अगदी शेजारी येत असतील तर मोठ्या बुडाची मूठ निवडा; ती जुनी भोकं झाकते आणि नवी भोकं ताज्या लाकडात पडतात.

जुलैत झडप फुगून मूठ ओढावी लागत असेल तर लगेच रंधा मारू नका. आत्ता तासलेली झडप उन्हाळ्यात बोटभर फटीनं उभी राहते. पाऊस संपून लाकूड सुकलं की बघा, आणि तासलंच तर उघड्या पडलेल्या कडेला त्याच वेळी रंग द्या.

जुन्या लोखंडी खिडक्या

जुन्या इमारतींतल्या लोखंडी झडपांवर रंगाचे इतके थर असतात की स्क्रूची खाचच दिसत नाही. ती आधी टोकदार अवजारानं कोरून मोकळी करा, गंज सोडवणारं तेल घालून रात्रभर ठेवा. गॅसची ज्योत लावू नका, काच आणि तिच्या कडेची लांबी (पुट्टी) दोन्ही जातील. जुने स्क्रू इंची आट्यांचे असू शकतात. पाव इंचाचा स्क्रू ६.३५ मिमी भरतो, एम-६ त्यात सैल जातो आणि दोन फेऱ्यांत आटे खातो. जुना स्क्रू सोबत नेऊन जुळवा. स्क्रू आतच तुटला तर मधोमध पंच मारून ४.२ मिमीचं भोक पाडा आणि एम-५ चा टॅप (आटे पाडायचं अवजार) घाला. एम-६ साठी भोक ५ मिमीचं. टॅप अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे असा चालवा, मधे तेलाचा थेंब. उघड्या पडलेल्या लोखंडाला त्याच दिवशी रेड ऑक्साइड लावा, तो पूर्ण वाळल्यावरच हँडल चढवा, आणि आट्यांत रंग जाऊ देऊ नका, तिथे ग्रीस.