कस्टम बाईकची आयडिया सुचते कुठून: अकराशे फोटो, एक फसलेलं स्प्लेंडर आणि तांबट आळी

दर आठवड्याला एखादा तरी मेसेज येतोच, दादा मला पण बाईक बिल्डिंगमध्ये यायचंय, वेल्डिंग शिकतोय, पण डिझाईन सुचत नाही, आयडिया कुठून आणू. प्रत्येकाला तुकड्यातुकड्यात उत्तर देऊन कंटाळलो म्हणून एकदाच बसून लिहितोय. मी डिझाईन स्कूलचा वगैरे नाही हां, मेकॅनिकलचा डिप्लोमा, मग पुण्यात एका गॅरेजला तीन वर्षं हेल्पर, आणि आता स्वतःचं पत्र्याचं शेड. त्यामुळे थिअरी कमी आणि खाल्लेला मार जास्त असं समजून वाचा.

सुरुवातीला माझ्या फोनमध्ये कस्टम बाईकचे अकराशे फोटो होते. खरंच मोजले होते. रात्री जेवण झालं की आडवा पडून स्क्रोल करायचो, सेव्ह, सेव्ह, सेव्ह, आणि वाटायचं आपला अभ्यास चाललाय. त्यातलाच एक फोटो उचलून मी पहिली बाईक केली. मित्राचं जुनं स्प्लेंडर होतं, त्याचं कॅफे रेसर करायचं ठरलं. मागची फ्रेम कापून गोल लूप वेल्ड केला, सपाट सीट, खाली क्लिपऑन हँडल (पुढच्या चाकाच्या दांड्यांना थेट आवळतात ते), फूटरेस्ट मागे सरकवले, मागचं मडगार्ड काढून टाकलं कारण फोटोत नव्हतं. नदीकाठी नेऊन फोटो काढले, लाईक्सचा पाऊस, मी हवेत.

मित्र रोज धायरीहून हिंजवडीला जायचा. वीसेक किलोमीटर जायचं, तेवढंच यायचं, आणि मध्ये किती सिग्नल ते पुणेकरांना सांगायला नको. अकराव्या दिवशी तो शेडवर आला. मनगटं सुजलेली, कंबर धरलेली, शर्टावर मागून मानेपर्यंत चिखलाची सरळ पट्टी, आणि बायको त्या सीटवर एकदाच बसली ती पुन्हा बसायलाच तयार नाही. मला म्हणाला, "भावा, दिसते एक नंबर, पण माझ्याच्यानं चालवणं होत नाही. जुनं हँडल आहे का रे अजून?"

जुनं हँडल मी भंगारात घातलं होतं.

तेव्हा पहिल्यांदा डोक्यात आलं की कॅफे रेसर असं का दिसतं हे आपण कधी विचारलंच नाही. मग वाचायला घेतलं. लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवर एस कॅफे नावाचं हॉटेल आहे, १९३८ सालचं, युद्धात बॉम्ब पडला, १९४९ ला परत बांधलं, १९६९ ला बंद पडलं आणि २००१ ला पुन्हा उघडलं. पन्नास-साठच्या दशकात तिथली पोरं असल्या हॉटेलांच्या बाहेर जमायची आणि मोकळ्या रस्त्यावर ताशी १०० मैल गाठायचा प्रयत्न करायची. त्या स्पीडला वारा छातीवर येतो म्हणून अंग टाकीवर झोपवायचं, म्हणून हँडल खाली, म्हणून पाय मागे. वारा पुढून अंगाला रेटतो, त्यामुळे त्या स्पीडला हातावर येणारा भार पण हलका होतो. आता तेच हँडल सिंहगड रोडवर ताशी २० ला लावलं की वारा नाहीच, वरच्या अंगाचं सगळं वजन मनगटावर. म्हणजे मी आकार उचलला आणि त्याचं कारण लंडनलाच ठेवून आलो.

बाकीच्या स्टाईलचं पण तसंच आहे. बॉबर म्हणजे अमेरिकेतल्या लोकांनी जड बाईकची मडगार्डं छाटली, नको ते काढून फेकलं, वजन कमी व्हावं म्हणून. लांब फोर्कचं, म्हणजे पुढच्या चाकाच्या लांब दांड्यांचं, चॉपर शोभतं ते कॅलिफोर्नियासारख्या सरळसोट रस्त्यांवर, आपल्या गल्लीत यू-टर्न मारताना ड्रायव्हर आणि बाईक दोघांची परीक्षा. यातलं काही वाईट नाही, फक्त ज्याने केलं त्याला त्याची गरज होती. हे एकदा कळलं की फोटो बघायची नजर बदलते. मी ते अकराशे फोटो एका रविवारी डिलीट केले, चाळीसेक ठेवले, ते पण फक्त जोडकामाचे, म्हणजे टाकी आणि सीटची रेघ कुठे मिळते, वायर कुठून नेली, असले.

मग बघायचं कुठे? मी गावी गेलो की सांगलीकडे सकाळी दूध गोळा करणारे दिसायचे, लहानपणापासून बघतोय, पण कधी *बघितलं* नव्हतं. बजाजची एम-एटी किंवा राजदूत, दोन्ही बाजूला मोठे कॅन, वर किटल्या, आणि हे सगळं उसाच्या फडातल्या कच्च्या वाटेवरून. एका काकांची गाडी डेअरीसमोर उभी होती, मी खाली बसून नीट बघायला लागलो तर काकांना वाटलं पोरगा काहीतरी चोरतोय. कॅन अडकवायचा लोखंडी सांगाडा गावातल्याच फॅब्रिकेशनवाल्याने सळई वाकवून केलेला, कॅनचा तळ चाकाच्या आसाच्याही खाली येईल इतका खाली ठेवलेला, कारण वजन वर गेलं की वळणावर गाडी अंगावर येते. मागच्या शॉकअपच्या शेजारी अजून एक स्प्रिंग. सळई जिथे कॅनला घासते तिथे टायरच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली, आवाज होऊ नये आणि कॅनला पोचा पडू नये म्हणून. एक सळई कारण नसताना लावलेली नव्हती. मी काकांना विचारलं हे डिझाईन कोणी केलं, तर म्हणाले, "डिझाईन कसलं आलंय त्यात, दोनदा दूध सांडलं मग असं केलं."

पुढे एका लडाखला जाणाऱ्या गिऱ्हाइकाला सामानाचा कॅरियर हवा होता तेव्हा मी थेट तोच सांगाडा घेतला. सळईऐवजी पाईप वापरला, पेटी खाली आणि पुढे सरकवली, घासायच्या जागी रबर. लोक विचारतात कुठल्या कंपनीचा आहे.

आता तांबट आळीचं, म्हणजे तांब्याची भांडी घडवणाऱ्यांच्या गल्लीचं सांगतो, कारण माझ्या डोक्यातला खरा बदल तिथे झाला. एकाने आजोबांची जुनी बुलेट आणली होती, कास्ट आयर्न इंजिनवाली, म्हणाला मॉडर्न करू नका आणि जुन्यासारखी पण नको. (गिऱ्हाईक असंच बोलतं, सवय करून घ्या.) मी महिनाभर अडकलो. मग गप्पांत कळलं की आजोबांच्या घरी तांब्याचा बंब होता आणि याला त्या बंबाची लय आठवण. कसबा पेठेतल्या तांबट आळीत मी त्याआधी फक्त टँक ठोकायच्या हातोड्या बघायला गेलेलो. या वेळी टूलबॉक्सच्या झाकणाचा पुठ्ठ्याचा साचा कापून घेऊन गेलो आणि तिथल्या एका वयस्कर कारागिरांना म्हटलं, मामा, यावर ते ठोक्यांचं डिझाईन करून द्याल का, बंबावर असतं तसं.

ते जरा रागावलेच. म्हणाले, "डिझाईन नाही ते, मठार आहे." आणि मग बसवून दाखवलं. तांब्याचा पत्रा तापवून गार केला की इतका मऊ होतो की हाताने वाकतो. त्यावर पॉलिश केलेल्या हातोडीने शेजारी शेजारी ठोके मारत गेलं की पत्रा घट्ट होत जातो, कडक होतो. मला त्यांनी दोन पत्रे हातात दिले, एक साधा आणि एक मठारलेला, एकाच जाडीचे, साधा अंगठ्याने दबला, दुसरा दबेना. म्हणजे जे आपण शोभा म्हणून बघतो तो बंबाला पोचा पडू नये म्हणून दिलेला दम आहे. ठोक्यांच्या रांगा पण डोळ्याने सरळ धरतात, आखत नाहीत. मी एक रांग मारून बघितली, चौथ्या ठोक्याला वाकडी. मामा हसले, पत्रा परत भट्टीवर ठेवला.

दोन्ही झाकणं त्यांनी करून दिली आणि मग मी बाकी सगळी बाईक त्या झाकणांकडे बघून ठरवली. टाकी काळी ठेवली, क्रोम अजिबात नाही, सीटला कोल्हापूरहून आणलेलं चपलेचं कातडं आणि कडेला चपलेला असते तशी वेणी. फक्त इथेही मी माती खाल्लीच. तांबं आणि लोखंड एकमेकांना चिकटून ठेवलं आणि त्यात पाणी गेलं की लोखंड झपाट्याने गंजतं, हे डिप्लोमाला शिकलो होतो, पेपरात लिहिलं पण होतं, आणि तरी झाकण थेट पत्र्यावर स्क्रूने आवळलं. पहिल्याच पावसाळ्यात स्क्रूभोवती तांबडे ओघळ. मग सगळं खोलून मधे रबराचं पॅकिंग, स्क्रूला नायलॉनचे वॉशर, आणि कातड्याला मेण. तांबं काळवंडतं ते मात्र तसंच ठेवलं, गिऱ्हाईक दिवाळीला चिंच लावून घासतो म्हणे.

बाहेरच्या बिल्डरकडे बघूच नका असं मी म्हणत नाहीये. जपानमधल्या ओकाझाकीत शिन्या किमुरा यांनी १९९२ मध्ये झिरो इंजिनिअरिंग सुरू केलं, त्यांचं काम जरूर बघा, पत्र्याला चकचकीत करायच्या मागे न लागता धातू धातूसारखा दिसू देण्याचं धाडस त्यात आहे. जयपूरला राजपुताना कस्टम्स आहे. आणि आपल्याकडचं वर्देंची, अक्षय वर्दे यांचं, ते नाव लोक इटालियन समजतात पण नीट वाचलं तर ती सरळ मराठी षष्ठी आहे, कोणाची बाईक तर वर्देंची! मला हे कळलं त्या दिवशी मी एकटाच हसत होतो. इंडिया बाईक वीक या बाईकवाल्यांच्या मेळाव्याला गेलात तर मात्र स्टेजकडे कमी आणि बाईकच्या खाली जास्त बघा. वेल्ड, वायरिंग, ब्रेकचा पाईप कुठून नेलाय. मालक बहुतेक वेळा खुश होऊन सांगतात.

अजून कुठे कुठे मला काही ना काही सापडलंय: नगरचं रणगाड्यांचं म्युझियम (जाड पत्र्याचे बिजागर कसे असतात ते बघा), जुन्या एसटीची रिव्हेट मारलेली अॅल्युमिनियमची बॉडी, जत्रेतला मौत का कुआँ जिथे बाईकवर गरजेपेक्षा एक नट जास्त नसतो, मालवणच्या होड्यांचे रंग. आणि पुण्याचा जुना बाजार, बुधवार आणि रविवार. तिथे काही शोधायला जाऊ नका, हातात येईल ते उचलून विचारा की हे असं का बनवलं असेल. मला तिथे शिलाई मशिनचं एक चाक मिळालं, त्याच्या आऱ्यांच्या वळणावरून मी एका क्लच कव्हरचा आकार काढला.

आता आयडिया सुचल्यावर काय करायचं ते पटकन. ग्राइंडर हातात घेऊ नका. बाईक सरळ उभी करा, पंधरा-वीस फूट लांब जा, झूम करून बरोबर बाजूने फोटो काढा, जवळून काढला तर मोबाईल पुढचं चाक फुगवतो आणि मग प्रमाणच चुकतं. फोटोची मोठी प्रिंट, त्यावर ट्रेसिंग पेपर, आणि आधी फक्त तीन गोष्टी काढा: दोन चाकं, टाकीच्या तळाची रेघ मागे सीटपर्यंत, आणि चालवणारा माणूस. हो, माणूस काढायचाच, काडीचा का असेना, मनगट कुठे, बूड कुठे, पाय कुठे. माझ्या पहिल्या बाईकच्या चित्रात माणूसच नव्हता. मग पुठ्ठा, थर्माकोल, मास्किंग टेप लावून खरोखरच्या मापाचं बाईकवर चढवा आणि आठवडाभर तसंच ठेवा, रोज येताजाता दिसलं पाहिजे. दोन दिवसांत डोळ्याला खुपायला लागलं तर तो थर्माकोल गेला, पत्रा नाही. टाकीला वेल्डिंग करायचं झालं तर नुसतं पेट्रोल काढून भागत नाही, आत वाफ राहते आणि टाकी बॉम्बसारखी फुटू शकते, धुऊन पाणी भरून जाणत्या मिस्त्रीकडूनच करून घ्या, यात हिरोगिरी नको.

गिऱ्हाइकाला "कुठली स्टाईल हवी" हे मी आता विचारतच नाही. सकाळी कुठून कुठे जातोस, मागे कोण बसतं, कंबर दुखते का, घरात अशी कुठली वस्तू आहे जी फेकवत नाही, हे विचारतो. बंब असाच सापडला.

आणि कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचून ठेवा. आरसीवर जे लिहिलंय आणि कंपनीने जसं दिलंय त्यापेक्षा गाडी मुळातून बदलता येत नाही, सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा ठासून सांगितलंय, आणि कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एकेका बदलाला ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणजे फ्रेम कापायची ती गाडी शोसाठी आहे हे आधीच कबूल करून कापा. चेसिस नंबरच्या आसपास ग्राइंडर फिरवू नका, रंग बदलला तर आरटीओत नोंद करा, आवाज वाढवणारा सायलेन्सर मागणाऱ्याला मी दुसरीकडे पाठवतो. माझ्या हल्लीच्या बऱ्याच बाईक बोल्टने लागतात आणि बोल्टने निघतात, ओरिजिनल पार्ट बारदानात गुंडाळून नाव लिहून माळ्यावर. स्प्लेंडरचं ते हँडल शेवटी मी नवीन आणून दिलं, ३८० रुपयांना, मडगार्डासकट बसवलं, आणि मित्राची बायको परत मागे बसायला लागली. गोल लूप मात्र तसाच आहे, तो आता त्याला डबा अडकवायला उपयोगी पडतो.