कच्च्या कैद्यांसाठीच्या कामाला पुरस्कार-निधी मागताना

जामीन मंजूर होऊनही जामीनदार न मिळाल्यामुळे तुरुंगातच राहिलेल्या कच्च्या कैद्यांसाठी, म्हणजे खटल्याचा निकाल लागण्याआधीच तुरुंगात असलेल्या माणसांसाठी, तुम्ही किंवा तुमची संस्था काम करत असेल, तर पुरस्कार-निधीच्या अर्जाची सुरुवात संस्थेच्या ध्येयधोरणाने न करता या एका अडथळ्यापासून करावी. जामिनाच्या आदेशाची तारीख आणि प्रत्यक्ष सुटकेची तारीख यांतले दिवस प्रत्येक प्रकरणात नोंदवलेले असावेत, कारण तुमच्या कामाचे खरे माप तेच आहे. सर्वोच्च न्यायालयाने 31 जानेवारी 2023 रोजी दिलेल्या निर्देशांनुसार, जामीन मिळाल्यानंतर सात दिवसांत सुटका न झाल्यास कारागृह अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या (गरजूंना मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या) सचिवांना कळवायचे असते. तुमच्या जिल्ह्यात ही साखळी नेमकी कुठे तुटते आणि ती जोडण्यासाठी तुम्ही काय करता, हे दोन-तीन प्रकरणांच्या आधारे सविस्तर लिहावे.

खर्चाचा अंदाज मांडताना सरकारी तरतूद आधी पाहावी. गरीब कैद्यांना साहाय्य करण्याच्या 2023 च्या केंद्रीय योजनेत पात्र कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी ठरावीक मर्यादेपर्यंत रक्कम मिळू शकते. म्हणून तीच रक्कम पुरस्कारातून मागण्याऐवजी ती कैद्यापर्यंत पोहोचवणाऱ्या माणसाचे मानधन मागावे. गावी जाऊन नातेवाइकांना शोधणे, जामीनदाराचा सातबारा किंवा ऐपतीचा दाखला मिळवणे, परप्रांतातून आलेल्या मजुराची ओळख पटवणारी कागदपत्रे जमवणे, या कामाला वेळ आणि प्रवासखर्च लागतो, आणि माझ्या मते अर्जात सर्वांत ठामपणे मांडण्याजोगा खर्च हाच आहे.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 वर (शिक्षेच्या ठरावीक हिश्श्याइतका काळ तुरुंगात काढलेल्या कच्च्या कैद्याला जामिनावर सोडण्याच्या तरतुदीवर) काम असल्यास, यापूर्वी कधीही दोषी न ठरलेल्यांना कमाल शिक्षेच्या एक-तृतीयांश आणि इतरांना निम्म्या कालावधीचा निकष लावून यादी करावी. मृत्युदंड किंवा जन्मठेप होऊ शकणारे गुन्हे, तसेच एकाहून अधिक खटले प्रलंबित असलेल्या व्यक्ती या यादीतून वेगळ्या दाखवाव्यात, नाहीतर दाव्यातला आकडा फुगतो.

कैद्याचे नाव, छायाचित्र किंवा गुन्हा क्रमांक अर्जात देऊ नये. तुरुंगात दिलेल्या संमतीवर तिथल्या दडपणाची छाया असू शकते, म्हणून सुटकेनंतर पुन्हा विचारूनच त्या व्यक्तीची हकिकत वापरावी.

निधी परदेशातून येणार असेल, तर संस्थेकडे परदेशी देणगी नियमन कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असावी लागते. 2020 च्या दुरुस्तीनंतर अशा निधीतून प्रशासकीय खर्च वीस टक्क्यांपलीकडे नेता येत नाही आणि तो दुसऱ्या संस्थेकडे वळवताही येत नाही. त्यामुळे इतर गटांसोबत संयुक्त अर्ज करण्याआधी पैसा कोणाच्या खात्यात येणार आणि कोण खर्च करणार, हे लेखापालासोबत बसून लेखी ठरवावे.