दातांच्या दीर्घ उपचारांसाठी खान्देशात येणाऱ्या परदेशी पाहुण्यांचा व्हिसा : नियोजन कसे करावे

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील अनेक घरांतील मुले-मुली परदेशात स्थायिक झाली असून त्यांपैकी काहींनी तिथले नागरिकत्वही घेतले आहे. काहींचे जावई किंवा सुना तर मूळच्याच परदेशी आहेत. तिकडे दातांचे मोठे काम फार महाग पडते, म्हणून सुटीत गावी आल्यावर ते उरकून घ्यावे असा विचार पुढे येतो. त्यानंतर बहुतेक जण लगेच कोणता व्हिसा मिळेल याची चौकशी करू लागतात. माझ्या मते ही सुरुवात उलटी आहे. रुग्णाला किती वेळा यावे लागेल आणि दोन फेऱ्यांमध्ये किती महिन्यांचे अंतर असेल हे आधी दंतवैद्याकडून ठरवून घ्यावे. व्हिसा त्यावरूनच निवडता येतो.

रूट कॅनाल करून कॅप बसवणे हे काम साधारणपणे एक-दोन आठवड्यांत होते. इम्प्लांटचे तसे नसते. टायटॅनियमचा स्क्रू जबड्यात बसवल्यानंतर हाड त्याला घट्ट धरेपर्यंत खालच्या जबड्यात सुमारे तीन महिने आणि वरच्या जबड्यात चार ते सहा महिने थांबण्याची रूढ पद्धत आहे, आणि त्यानंतरच कायमचा दात बसवला जातो. हाड कमी असल्यामुळे आधी हाडाची भर घालावी लागली, तर आणखी काही महिने वाढतात. म्हणजे प्रत्यक्ष काम दोन टप्प्यांत मिळून काही आठवड्यांचेच असते, पण ते वर्षभरात विखुरलेले असते. वेड्यावाकड्या दातांना तारा बसवण्याचे काम दीड-दोन वर्षे चालते आणि त्यासाठी दर महिना-दोन महिन्यांनी यावे लागते, त्यामुळे परदेशात राहणाऱ्याने ते इकडे सुरू करूच नये असे मला वाटते.

पाहुण्याकडे ओसीआय कार्ड (मूळ भारतीय असलेल्या परदेशी नागरिकांना मिळणारे ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ कार्ड) असेल, तर पुढचा बराचसा खटाटोप वाचतो, कारण ते कार्ड म्हणजे भारतात कितीही वेळा येण्याचा आजीवन व्हिसाच आहे आणि उपचारांसाठी वेगळा व्हिसा काढावा लागत नाही. मूळ भारतीय असूनही ज्यांनी हे कार्ड काढलेले नाही त्यांना मात्र इतर परदेशी नागरिकांप्रमाणेच व्हिसा लागतो.

सर्वांत सोपा मार्ग ई-मेडिकल व्हिसाचा आहे. पात्र देशांच्या नागरिकांना भारत सरकारच्या संकेतस्थळावर घरबसल्या अर्ज करता येतो. त्यासाठी छायाचित्र, पासपोर्टच्या माहितीच्या पानाची प्रत आणि भारतातील रुग्णालयाच्या लेटरहेडवरील पत्र जोडावे लागते. येण्याच्या तारखेपूर्वी १२० दिवसांपासून किमान ४ दिवसांपर्यंत अर्ज करता येतो, मात्र शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबण्यात शहाणपणा नाही. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक असावी आणि त्यात दोन कोरी पाने असावीत. सरकारी संकेतस्थळासारखीच दिसणारी आणि जादा पैसे उकळणारी खासगी संकेतस्थळे पुष्कळ आहेत, म्हणून पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ आहे का हे पाहिल्याशिवाय कार्डाचा क्रमांक भरू नये. रुग्णासोबत जास्तीत जास्त दोघांना ई-मेडिकल अटेंडंट व्हिसा मिळू शकतो.

या व्हिसात एक मेख आहे, आणि इम्प्लांटचे रुग्ण तिथेच फसतात. त्यावर तीन वेळा प्रवेश करता येतो हे वाचून अनेकांना वाटते की पहिल्या फेरीत स्क्रू, दुसऱ्या फेरीत दात आणि तिसरी फेरी तपासणीची, असे सगळे त्यातच बसेल. प्रत्यक्षात त्याची मुदत पहिल्या आगमनापासून ६० दिवसांची असते आणि तिन्ही प्रवेश त्या ६० दिवसांतच करायचे असतात. चार महिन्यांनी कायमचा दात बसवायला येणाऱ्याला नवा ई-व्हिसा काढावाच लागतो. दोन छोट्या फेऱ्यांसाठी दोन वेगळे ई-व्हिसा घेण्यात काहीच गैर नाही, किंबहुना एक-दोन इम्प्लांटसाठी तोच सरळ मार्ग ठरतो. फक्त दुसऱ्या अर्जाची तारीख पहिली फेरी संपतानाच दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी.

संपूर्ण जबड्याचे काम असेल, हाड भरावे लागणार असेल किंवा उपचार किती लांबतील याचा अंदाज येत नसेल, तर पाहुण्याने आपल्या देशातील भारतीय दूतावासाकडून नेहमीचा मेडिकल व्हिसा घ्यावा. तो उपचारांचा कालावधी किंवा एक वर्ष, यांपैकी जे कमी असेल तितक्या मुदतीसाठी दिला जातो. येथे एक अडचण आधीच ओळखून ठेवावी. या व्हिसासाठी प्राधान्याने विचारात घेतल्या जाणाऱ्या उपचारांत हृदय, मेंदू, मूत्रपिंड, अवयव प्रत्यारोपण अशी नावे येतात. दात त्यांत नाहीत. त्यामुळे केवळ दिसण्यासाठी केलेल्या कामाचा अर्ज कमजोर ठरू शकतो, तर चावता येत नाही, जबड्याचे हाड झिजले आहे किंवा अपघातात दात गेले आहेत, अशी वैद्यकीय गरज कागदावर नीट मांडलेली असेल तर अर्जाला वजन येते.

हे वजन दंतवैद्याच्या पत्रातून येते, आणि आपल्याकडची पत्रे बहुधा फारच त्रोटक असतात. “यांना उपचारांसाठी बोलावत आहोत” एवढ्या एका ओळीने भागत नाही. पत्रात पासपोर्टवर आहे अगदी तसेच रुग्णाचे नाव, पासपोर्ट क्रमांक, निदान, उपचारांचे टप्पे, प्रत्येक टप्प्याच्या अंदाजे तारखा, मधला थांबण्याचा काळ व त्याचे कारण आणि अपेक्षित खर्च हे सर्व असावे. खाली डॉक्टरांची सही, शिक्का आणि राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक असावा. हे लिहिता यावे म्हणून पाहुण्याने तिकडे काढलेला संपूर्ण जबड्याचा एक्स-रे आणि जमल्यास थ्री-डी स्कॅन आधीच पाठवावा. गल्लीतला दवाखाना कितीही कुशल असला, तरी मोठ्या कामासाठी दंत महाविद्यालय किंवा नोंदणीकृत रुग्णालयाचे पत्र अधिक विश्वासार्ह वाटते. धुळ्यात दंत महाविद्यालय आहे, हे या संदर्भात उपयोगी पडते.

पर्यटन व्हिसावर आलेल्या पाहुण्याचा दात दुखू लागला तर काय, असेही विचारले जाते. वैध व्हिसावर आलेल्या परदेशी व्यक्तीला बाह्यरुग्ण म्हणून उपचार घेण्याची मुभा आहे, त्यामुळे एखादे रूट कॅनाल करून घ्यायला हरकत नसते. पण येण्याचा मुख्य हेतूच उपचार हा असताना अर्जात पर्यटन लिहिणे म्हणजे खोटी माहिती देणे होय, आणि पुढच्या अर्जाच्या वेळी ते अंगाशी येऊ शकते.

ई-व्हिसाधारकाला ठरावीक विमानतळ व प्रवेशनाक्यांवरूनच प्रवेश मिळतो, म्हणून जळगावच्या विमानतळाचा विचार पुढच्या देशांतर्गत प्रवासापुरताच करावा. मुंबईत उतरून रेल्वेने जळगाव किंवा भुसावळ गाठणे बहुतेकांना सोयीचे जाते. पाहुणा घरी पोहोचला की यजमानाचे एक काम सुरू होते, जे आपल्याकडे सर्रास राहून जाते. परदेशी व्यक्ती हॉटेलात उतरो की मामाच्या घरी, तिच्या मुक्कामाची माहिती ठरावीक फॉर्मद्वारे २४ तासांच्या आत ऑनलाइन कळवावी लागते. व्हिसा १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा असेल, तर आगमनापासून १४ दिवसांत नोंदणीही करावी लागते. त्यासाठी ई-एफआरआरओ ही ऑनलाइन व्यवस्था आहे आणि जिल्ह्यात हे काम पोलीस अधीक्षक कार्यालयाकडे असते. व्हिसावर छापलेली सूचना मात्र प्रत्येकाने स्वतः वाचावी, कारण नोंदणीची अट तिथेच लिहिलेली असते.

शस्त्रक्रियेची फेरी शक्यतो एप्रिल-मेमध्ये ठेवू नये; भुसावळचा उन्हाळा सुजलेल्या तोंडाने काढणे सोपे नाही. शिवाय पाहुणचाराच्या भरात पहिल्याच आठवड्यात झणझणीत शेवभाजी आणि कळण्याची भाकरी पुढे करणाऱ्या आजीलाही आधी समजावून ठेवावे लागते. मऊ खिचडी आणि आपल्याकडची केळी यांवर ते दिवस उत्तम निघतात.

जखम चिघळली किंवा स्क्रू सैल झाला, तर मुक्काम वाढतो. अशा वेळी मुदत संपण्याची वाट न पाहता डॉक्टरांचे ताजे पत्र जोडून ई-एफआरआरओवर अर्ज करावा. १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या परदेशी नागरिकविषयक नव्या कायद्यानुसार मुदतीपलीकडे राहिल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, तीन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून परतीचे तिकीट मुदतीच्या अखेरच्या दिवसाचे काढू नये. आठ-दहा दिवस हाताशी ठेवावेत. निघण्यापूर्वी इम्प्लांटच्या कंपनीचे नाव, मॉडेल आणि बॅच क्रमांक असलेले स्टिकर दवाखान्यातून मागून फाइलला लावून घ्यावे, कारण ते नसेल तर परदेशातील दंतवैद्याला तोच भाग पुन्हा घट्ट करायलाही योग्य हत्यार शोधत बसावे लागते.