फायटरची पिल्लं का मरत होती

फायटर माशाची पहिली वीण आठवड्याभरात संपली. अंडी फुटल्यावर दोन-तीन दिवस पिल्लं पोटाखालच्या बलकावर जगतात, आडवी पोहायला लागली की भूक सुरू होते. मी चुरलेलं कोरडं खाद्य टाकत होतो. ते त्यांच्या तोंडात मावतच नव्हतं. उकडलेल्या अंड्याचा बलक घातला तर पाणी नासलं. फार वाईट वाटलं.

दुसऱ्या वेळी जोडी लावायच्या आधीच बरणीत टाकीतलं जुनं पाणी आणि कोबीचं पान ठेवलं. आधी पाणी गढूळ होऊन वास मारतं, तेव्हा घाई करू नका. चार-पाच दिवसांनी निवळलं की त्यात सूक्ष्मजीव झालेले असतात. तेच ड्रॉपरने थोडं थोडं दिवसातून तीनदा दिलं.

पाचव्या दिवसापासून आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारीक जीव. एक लिटर पाण्यात २५ ग्रॅम खडेमीठ, चिमूटभर आर्टेमियाची अंडी, एअर पंप. २८ अंशांना साधारण २४ तासांत फुटतात. पंप बंद केला की टरफलं वर येतात, आर्टेमियाची पिल्लं उजेडाकडे जमतात. बारीक कापडातून गाळून, गोड्या पाण्याने धुऊनच द्या. माशांच्या पिल्लांची पोटं नारिंगी दिसली, तेव्हा जिवात जीव आला.