दमा असलेल्या प्रौढांसाठी: नागिणीची शक्यता, पहिले तीन दिवस आणि लस

लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचा विषाणू शरीरातून जात नाही. व्हॅरिसेला झोस्टर नावाचा हा विषाणू मणक्यालगतच्या मज्जातंतूंच्या गाठींमध्ये वर्षानुवर्षे निपचित राहतो आणि वय वाढल्यावर किंवा प्रतिकारशक्ती मंदावल्यावर एखाद्या मज्जातंतूच्या वाटेने त्वचेवर उतरतो, तेव्हा आपण नागीण झाली असे म्हणतो. ती पन्नाशीनंतर कोणालाही होऊ शकते. मात्र दमेकऱ्यांनी तिच्याबाबत अधिक सावध राहावे, असे म्हणायला आधार आहे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी मिनेसोटा राज्यात नागीण झालेल्या ३७१ प्रौढांची, त्याच वयाच्या पण नागीण न झालेल्या ७४२ जणांशी तुलना केली, तेव्हा पहिल्या गटात सुमारे २३ टक्के लोकांना दमा असल्याचे आढळले, तर दुसऱ्या गटात १५ टक्के. दम्यामुळेच नागीण होते असे यावरून सिद्ध होत नाही. परंतु दम्याकडे केवळ श्वासनलिकांचा आजार म्हणून न पाहता प्रतिकारयंत्रणेच्या वागण्यातील फरक म्हणूनही पाहावे, एवढे त्यातून निश्चित सुचते.

हे वाचून पंप बंद करण्याचा विचार कोणाच्या मनात येत असेल, तर तो तिथेच थांबवावा. ओढण्याच्या पंपातील स्टिरॉइडची मात्रा अल्प असते, ती मुख्यतः फुप्फुसात काम करते आणि वरील अभ्यासातही पंपाचा नागिणीशी संबंध आढळला नव्हता. खरी सावधगिरी बाळगायची ती पोटातून घेतल्या जाणाऱ्या स्टिरॉइडबाबत. दमा उसळल्यावर दिलेल्या प्रेडनिसोलोनच्या गोळ्या वारंवार किंवा दीर्घकाळ घ्याव्या लागत असतील, तर प्रतिकारशक्ती दबते आणि नागिणीची शक्यता वाढते. म्हणून पंप नियमित घेऊन अशा गोळ्यांची वेळच कमी येऊ देणे हा सर्वांत साधा उपाय होय. ‘दमा मुळापासून घालवणाऱ्या’ निनावी पुड्यांपासूनही दूर राहावे, कारण अशा पुड्यांमध्ये स्टिरॉइड मिसळलेले असल्याचे प्रकार अनेकदा उघडकीस आले आहेत.

नागीण ओळखताना दमेकऱ्याची फसगत होते ती छातीवर. पुरळ उठण्याआधी एकदोन दिवस, कधी त्याहूनही आधी, बरगडीच्या एकाच बाजूला आग, टोचणी किंवा ठणका सुरू होतो, दीर्घ श्वास घेताना तो वाढतो आणि रुग्णाला वाटते की दमाच भरून येत आहे. अशा वेळी दोन गोष्टी पाहाव्यात. दुखणे पाठीच्या कण्यापासून पुढे पट्ट्यासारखे फक्त एकाच अंगाला आहे का, आणि तेथील त्वचेला सदऱ्याचे कापड नुसते घासले तरी सहन होत नाही का? दम्यात छाती दोन्ही बाजूंनी आवळल्यासारखी वाटते, घरघर येते आणि तातडीच्या पंपाने आराम पडतो. नागिणीच्या दुखण्यावर पंपाचा काहीच परिणाम होत नाही. छातीतील दुखणे हृदयाचेही असू शकते, तेव्हा निदान घरी करत बसू नये.

लालसर पुरळावर पाण्याने भरलेल्या फोडांचे झुबके दिसताच त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. अ‍ॅसायक्लोव्हिर किंवा व्हॅलासायक्लोव्हिर ही औषधे पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाली तर त्यांचा उपयोग सर्वाधिक होतो. कपाळावर, पापणीवर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड असेल, तर डोळ्याला इजा होण्याचा धोका असल्याने नेत्रतज्ज्ञांना तातडीने दाखवावे. गेरूचा लेप आणि मंत्र यांत हे तीन दिवस निघून जातात, ही आपल्याकडची जुनीच अडचण आहे. नागिणीची दोन तोंडे मिळाली की माणूस दगावतो, या समजुतीलाही आधार नाही. एक मज्जातंतू शरीराच्या एकाच अर्ध्या भागाला पुरवठा करतो, त्यामुळे पुरळ सहसा मध्यरेषा ओलांडतच नाही. ते अंगभर पसरू लागले, तर मात्र प्रतिकारशक्ती खालावल्याची खूण समजून रुग्णालय गाठावे.

डॉक्टरांना दमा असल्याचे आवर्जून सांगावे, आणि त्यातही वेदनाशामकांचा विषय स्वतःहून काढावा. काही दमेकऱ्यांना अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्यांनी तीव्र झटका येतो. ठणका असह्य झाला म्हणून घरच्या डब्यातली गोळी घेणे त्यांना महागात पडू शकते. पॅरासिटामॉल बहुतेकांना चालते. मज्जातंतूंच्या वेदनेसाठी गॅबापेंटिन किंवा प्रीगॅबालिन दिले गेल्यास, वृद्धांमध्ये व फुप्फुसे कमकुवत असलेल्यांमध्ये श्वास मंदावण्याची शक्यता लक्षात घेऊन मात्रा ठरवावी लागते. प्रेडनिसोलोन चालू असेल, तर ते मनाने एकदम तोडू नये. फोडांवर खपली धरेपर्यंत ते झाकून ठेवावेत आणि कांजिण्या न झालेली गरोदर स्त्री व तान्हे बाळ यांच्यापासून दूर राहावे, कारण फोडांतील पाण्याच्या संपर्काने त्यांना कांजिण्या होऊ शकतात.

नागिणीचे फोड दोनचार आठवड्यांत सुकतात, पण काहींची वेदना महिनोन्‌महिने रेंगाळते. ती टाळण्याचा भरवशाचा मार्ग म्हणजे लस. शिंग्रिक्स ही लस २०२३ पासून भारतात मिळते. पन्नाशीनंतर, आणि धोका जास्त असल्यास अठरा वर्षांनंतरही, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने तिचे दोन डोस दंडात दिले जातात. चाचण्यांमध्ये पन्नाशीपुढील लोकांना तिने ९० टक्क्यांहून अधिक संरक्षण दिले. तिच्यात जिवंत विषाणू नसल्याने स्टिरॉइड घेणाऱ्यांनाही ती देता येते. किंमत बरीच आहे, हे खरे. म्हणून दोन्ही डोसांचा खर्च आधीच विचारून घ्यावा, कारण पहिला घेऊन दुसरा सोडून देण्यात अर्थ नाही. दमा उसळलेला असेल किंवा ताप असेल, तर तो आटोक्यात आल्यावर दिवस ठरवावा, आणि डोसानंतर एकदोन दिवस दंड ठणकेल, अंग मोडून येईल हे गृहीत धरून पुढची कामे आखावीत. आधी नागीण होऊन गेलेल्यांनीही पुरळ पूर्ण बरे झाल्यावर ही लस घ्यावी.